सेन्सर मागचं ऐकतो, खांब बाजूला असतो: पार्किंगमधले ओरखडे टाळण्याची रीत

सेन्सर चोख वाजत होता. आधी सावकाश टीं… टीं…, मग भराभर. मागच्या भिंतीचा अंदाज घेत, कान त्या आवाजाकडे लावून मी गाडी इंचाइंचानं सरकवत होतो आणि तेवढ्यात डाव्या अंगाला कर्रर्र झालं. भिंत अजून दोन हात लांब होती. खांब मात्र मागच्या दारात येऊन बसला होता. सेन्सरची काही चूक नव्हती. मागचं सांगणं हे त्याचं काम, ते तो करत होता. बाजूचं बघणं माझं काम, आणि ते मी त्याच्यावर सोपवून मोकळा झालो होतो.

तेव्हापासून सोसायटीतल्या गाड्यांकडे बघायची खोडच लागली. ज्यांना सेन्सर आहेत त्यांचे मागचे बंपर बऱ्यापैकी स्वच्छ असतात. ओरखडे असतात ते डाव्या मागच्या दारावर, पुढच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर आणि डाव्या आरशावर. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे डावी बाजू कायम परक्या मुलखासारखी. खांबांवर पांढरा, लाल, करडा असे सगळे रंग लागलेले दिसतात आणि कोणता रंग कोणत्या फ्लॅटचा, हे वॉचमनला पाठ असतं.

या लेखात सेन्सरचा पुरता उपयोग कसा करून घ्यायचा ते सांगणार आहे. म्हणजे पर्यायानं, तो कुठे उपयोगाचा नाही हेही. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे बनणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण, वेगाची सूचना यांच्याबरोबर मागचे पार्किंग सेन्सरही बंधनकारक झाले. त्यामुळे गेल्या काही वर्षांत घेतलेल्या गाडीत ते आहेतच. पण डिलिव्हरीच्या दिवशी शोरूममधला मुलगा ब्लूटूथ कसं जोडायचं ते दहा मिनिटं समजावतो, आणि सेन्सरबद्दल “मागे काही आलं की वाजेल सर” एवढ्यावर आटपतो.

तो कान आहे, डोळा नाही

बंपरवर दिसणाऱ्या त्या रुपयाएवढ्या गोल चकत्या बघत नाहीत, ओरडतात आणि ऐकतात. ४० किलोहर्ट्झच्या आसपासचा किंवा त्याहून वरचा आवाज त्या सोडतात. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या पुढे ऐकत नाही, म्हणून आपल्याला त्याचा पत्ता नसतो. हा आवाज मागच्या वस्तूवर आपटून परत येतो आणि जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. वस्तू दीड मीटरवर असेल तर जाऊन-येऊन तीन मीटर, म्हणजे सुमारे ९ मिलिसेकंद. डोंगरात “ओऽऽ” करून प्रतिध्वनीची वाट बघतो, तोच प्रकार.

एवढं डोक्यात ठेवलं की त्याच्या सगळ्या खोड्या आपोआप कळतात. प्रतिध्वनी परत आला नाही तर त्याच्या लेखी तिथे काही नाही. सपाट, रुंद, उभी भिंत त्याला उत्तम कळते. बारीक, तिरकी, मऊ किंवा फार खाली-वर असलेली वस्तू त्याला कळेलच असं नाही.

अजून एक बारकावा. आवाज सोडल्यावर ती चकती स्वतःच क्षणभर थरथरत राहते, घंटा वाजवल्यावर राहते तशी. तेवढ्या वेळात परत आलेला प्रतिध्वनी तिला ऐकू येत नाही. म्हणून अगदी बंपरला चिकटून, वीतभर अंतरावर काही असेल, तर सेन्सर गप्प बसू शकतो किंवा चुकीचं अंतर सांगू शकतो. रात्री तुमच्या गाडीमागे कुणी स्कूटर खेटून लावली, तुम्ही सकाळी रिव्हर्स टाकला आणि काहीच वाजलं नाही, याचा अर्थ मागे मोकळं आहे असा होत नाही.

रविवारची अर्ध्या तासाची चाचणी

प्रत्येक गाडीचं वाजणं वेगळं. कुठे चार सेन्सर, कुठे स्वस्त मॉडेलमध्ये दोनच. कुणी दीड मीटरवर वाजायला लागतो, कुणी मीटरभरावर. माहितीपुस्तिकेत आकडे असतात, पण कानाला सवय लागते ती प्रत्यक्ष मोजल्यावरच. सामान लागतं ते असं: एक रिकामा पुठ्ठ्याचा खोका, खडू, मोजपट्टी आणि घरातलं कुणीतरी.

गाडी सपाट, मोकळ्या जागेत लावा. इंजिन बंद, हँडब्रेक वर, फक्त इग्निशन चालू. मग रिव्हर्स गिअर टाका. मॅन्युअल गाडीत एवढ्यानं सेन्सर जागे होतात. ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक दाबून ‘आर’मध्ये टाकायची, हँडब्रेक वरच. इंजिन चालू केल्याशिवाय सेन्सर लागत नसेल, तर मागे माणूस उभा करू नका. खोका लांब काठीनं बाजूनं ढकला. या चाचणीत हा एकच नियम मोडायचा नाही.

आता खोका बंपरच्या बरोबर मध्यभागी, दोन मीटरवरून हळूहळू जवळ आणा. पहिला टीं वाजला तिथे जमिनीवर खडूची रेघ. आवाज भराभर झाला तिथे दुसरी. सलग वाजायला लागला तिथे तिसरी. मोजताना बंपरचा जो भाग सगळ्यात मागे आलेला असतो तिथून मोजा, चकतीपासून नाही. टो-हुक किंवा मागे लटकवलेलं स्टेपनी असेल तर त्याच्या टोकापासून. सलग आवाज बहुतेक गाड्यांत ३० ते ४० सेंटिमीटरच्या आसपास सुरू होतो, म्हणजे बंपर आणि भिंतीत अजून पायरीएवढी जागा असते. घाबरट चालक याच्याही आधी थांबून फूटभर जागा वाया घालवतो, मग गाडीचं नाक रस्त्यात राहतं आणि तिथे दुसरं कुणीतरी घासून जातं. धीट चालक “अजून येईल” म्हणत सलग आवाजातही सरकवतो. तुमच्या गाडीची तिसरी रेघ नेमकी कितीवर आहे ते माहीत असेल, तर या दोघांपैकी कुणीच व्हायची गरज नाही.

हेच डाव्या आणि उजव्या कोपऱ्यावर करा. बहुतेकांना इथे धक्का बसतो. कोपऱ्यावर पल्ला कमी असतो आणि चकतीच्या पुढे, बंपर जिथे चाकाकडे वळतो, तिथे खोका ठेवला तर अनेकदा काहीच वाजत नाही. तिथेही खडूची रेघ मारा. तिच्या पुढचा सगळा भाग तुमचा, सेन्सरचा नाही.

शेवटी खोका बाजूला ठेवून घरातल्या वस्तू आणा: एक वीट आडवी ठेवून, उभा धरलेला झाडूचा दांडा, प्लास्टिकची खुर्ची, दोरीवर टाकलेली चादर. कोणती कितीवर वाजते, कोणती वाजतच नाही, ते बघा. आमच्या घरात या खेळात सगळ्यात जास्त मजा लेकीला आली आणि आता मी रिव्हर्स टाकला की मागच्या सीटवरून “बाबा, वीट ऐकू येत नाही हं त्याला” अशी आठवण येते.

त्याला काय ऐकू येत नाही

मागच्या यादीतलं सगळं आपल्या रस्त्यावर रोज भेटतं.

गणपतीच्या दिवसांत मांडवाचे बांबू. बारीक आणि गोल वस्तूवरून आवाज भलतीकडेच उडतो; परत येतो तो थोडाच. त्यात मांडवाचं कापड आवाज पिऊन टाकतं. बांबूला बांधलेली ताणाची दोरी तर त्याच्या हिशोबात नसतेच. वीजखांबाची ताण-तार, पार्किंगची साखळी, लोखंडी सळईचं कुंपण ही सगळी याच जातीतली.

कारखान्याच्या हंगामात ऊस भरलेली ट्रॉली. सेन्सर जमिनीपासून साधारण अर्ध्या मीटरवर बसलेला असतो. ट्रॉलीबाहेर आलेला ऊस तुमच्या मागच्या काचेच्या उंचीला असतो. सेन्सर ट्रॉलीच्या चाकाचं अंतर मोजत राहील, आणि उसाची टोकं काचेत शिरलेली असतील. ट्रकचा उघडा फाळका, टेम्पोतून लोंबणारे पाइप, बाल्कनीखाली तिरकी गेलेली जिन्याची स्लॅब, सोसायटीतल्या अग्निशमनाच्या लाल पाइपचा बाहेर आलेला वाकडा तुकडा, सगळ्यांचं तेच.

खालच्या बाजूला फुटपाथची कड, चाक अडवायला ठेवलेला सिमेंटचा ठोकळा, अंगणातली बुटकी कुंडी. लांबून यातलं काही वाजतं आणि जवळ गेल्यावर एकदम बंद होतं, कारण वस्तू सेन्सरच्या नजरेच्या खाली गेलेली असते. वाजणारा सेन्सर अचानक गप्प झाला, आणि तुम्ही तर मागेच जाताय, तर तिथेच थांबा. वस्तू गेलेली नाही, ती खाली दडली आहे. उतरून बघा.

तिरकी गुळगुळीत पृष्ठभागं फसवतात: तिरप्या लावलेल्या गाडीचं दार, काचेचं पॅनेल. कॅरममधला स्ट्रायकर कडेला तिरका लागला की तुमच्याकडे परत येत नाही, तसाच आवाजही. त्याउलट कोकणात, गोव्यात चिऱ्याच्या गडग्याला लागून गाडी लावताना गडग्यावरून लोंबणारं गवत मीटरभर आधीच बोंब मारायला लावतं. पावसाळ्यात असं दहा वेळा झालं की माणूस आवाजाकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि अकराव्या वेळी खराखुरा चिरा असतो. गवताचा संशय असला तरी एकदा उतरून खात्री करा, मग पुढचं ठरवा.

लहान मूल आणि झोपलेलं कुत्रं यांच्या बाबतीत सेन्सरवर अजिबात विसंबू नका. छोटं शरीर, मऊ कपडे, अचानक हालचाल. तीनही गोष्टी त्याच्या विरुद्ध जातात. गाडीत बसण्याआधी मागून एक चक्कर मारायला वीस सेकंद लागतात. त्याच चकरेत खेटून लावलेली स्कूटरही दिसते.

दोन खांबांमधली जागा: आत जाताना, बाहेर येताना

पुण्या-मुंबईतल्या इमारतींखालचं पार्किंग म्हणजे खांबांचं रान. इथे मी सगळ्यांना एकच आग्रह करतो: गाडी उलटी आत घाला, तोंड बाहेर. दोन कारणं. वळणारी चाकं पुढे असतात, त्यामुळे उलट जाताना मागचा भाग अरुंद जागेत नेमका बसवता येतो आणि पुढचा भाग मोकळ्या वाटेत फिरवता येतो. शिवाय तुमचे सेन्सर मागे आहेत, तर अवघड बाजू त्यांच्याकडे द्यावी. सकाळच्या घाईत निघताना मग समोरचं सगळं डोळ्यांनी दिसतं.

जागा तुमच्या डाव्या हाताला आहे असं धरू.

आधी संगीत बंद, काचा खाली. सेन्सरचा टीं तर ऐकू यायला हवाच, पण वॉचमनचं “ओ ओ ओ!”ही ऐकू यायला हवं.

डावा आरसा खाली झुकवा, इतका की मागचं चाक आणि जमिनीवरची रेघ दिसेल. काही गाड्यांत रिव्हर्स टाकला की तो आपोआप झुकतो. नसेल तर बटणानं. या एका सवयीनं माझे जेवढे पैसे वाचले तेवढे कुठल्याच यंत्रानं वाचवले नाहीत.

गाडी जागेच्या पुढे काढा. डावीकडच्या गाड्यांपासून मीटर-सव्वा मीटर अंतर ठेवा. जितकी खेटून घ्याल तितका जवळचा खांब जाचेल. मग रिव्हर्स टाकून हाफ क्लचवर, मुंगीच्या पावलानं. सेन्सरला मोजून सांगायला वेळ लागतो आणि तुम्हाला ऐकून ब्रेक मारायला त्याहून जास्त. ताशी ५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ दीड मीटर, म्हणजे सेन्सरचा अख्खा पल्ला एका सेकंदात संपला. चालणाऱ्या माणसापेक्षा निम्मा वेग ठेवा.

स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की एकाच वेळी दोन गोष्टी घडतात. मागचं डावं अंग जवळच्या खांबाकडे जातं, आणि पुढचा उजवा कोपरा बाहेरच्या बाजूला झोका घेतो. हा झोका नवख्यांना कळतच नाही, कारण ते सगळं लक्ष मागे लावून बसलेले असतात. समोरच्या रांगेतली बुलेट पडते ती याच कोपऱ्यानं. म्हणून नजरेचा क्रम पक्का करा: डावा आरसा, उजवा पुढचा कोपरा, उजवा आरसा, पुन्हा डावा. मागचं अंतर सेन्सर सांगतोच आहे, त्यासाठी कान पुरे.

डाव्या आरशात खांब आणि गाडीचं अंग यांच्यामध्ये वीतभर फट राहिली पाहिजे. ती कमी होताना दिसली तर तिथेच थांबा आणि एकदा पुढे काढून गाडी सरळ करा. अर्ध्यावर स्टिअरिंग अजून आवळणं, ही माझी त्या दिवशीची चूक. मागचा भाग खांब ओलांडून गेला म्हणून मी निश्चिंत झालो आणि दारं राहिली. पुढे-मागे करून बसवण्यात कसला कमीपणा? एसटीचे चालक आगारात सरळ दोन-तीन वेळा पुढे-मागे घेतात, आणि मागे कंडक्टर शिट्टी वाजवत उभा असतो.

गाडी सरळ झाली की चाकंही सरळ करा, आणि आता फक्त सेन्सरचं ऐका. ही त्याची खरी जागा: सरळ मागे जाणारा शेवटचा एक मीटर. तुमच्या तिसऱ्या रेघेवर, म्हणजे आवाज सलग झाला की, थांबा. डिकी उघडायला जागा हवी असेल तर त्याच्याही आधी.

बाहेर काढतानाचा नियम छोटा, पण निम्मे ओरखडे इथलेच: मागचं चाक खांबाच्या पुढे आल्याशिवाय स्टिअरिंग फिरवायचं नाही. पुढे जाताना वळलं की मागची चाकं आतून, पुढच्या चाकांपेक्षा छोट्या वळणानं येतात आणि मागचं दार खांबाला पुसून काढतात. तुमच्या मागे बसलेला माणूस खांबाच्या पुढे आला की मगच वळा. या वेळी मागचा सेन्सर बंदच असतो, त्यामुळे कुणीही इशारा देणार नाही.

आणि जागा तुमचीच, रोजचीच असेल तर तिला थोडं सजवा. जमिनीवर रबरी स्टॉपर ठोकून घ्या, चाक टेकलं की थांबायचं. खांबाला दाराच्या उंचीवर फोमची पट्टी चिकटवा. समोरच्या भिंतीवर गाडीच्या मध्यरेषेत रंगीत टेप मारा. या सगळ्याला एका दाराच्या रंगकामाच्या तुलनेत काहीच खर्च येत नाही. यांत्रिक पार्किंगचा पाळणा असेल तर तिथे सेन्सर बावचळतो. बाजूच्या लोखंडी चौकटी बघून आधीपासूनच वाजत राहतो. तिथे आरसे आणि पाळण्याची कडच प्रमाण, आणि चढवण्याआधी आरसे मिटायला लागतात का तेही बघून घ्या.

मागे उभं राहून दिशा देणारा माणूस

“येऊ द्या, येऊ द्या, अजून, अजून…” आणि मग ठप्प झाल्यावर “बस!” हा अनुभव कुणाला नाही? मदतीला कुणी असेल तर त्याला गाडीच्या मागे नव्हे, चालकाच्या आरशात दिसेल असं कडेला उभं करा आणि एकच शब्द ठरवा: थांब. तो ऐकला की ब्रेक, मग चौकशी. आरशातून माणूस दिसेनासा झाला तरी ब्रेक.

कॅमेरा असेल तर तो सेन्सरला चांगली जोड आहे, कारण बांबू आणि वीट त्याला दिसतात. पण त्याची भिंग पसरट असते, वस्तू आहे त्यापेक्षा लांब वाटते. पडद्यावरच्या रंगीत रेघा जमीन सपाट आहे असं धरून काढलेल्या असतात. मागे चढ असेल तर त्यावरची वस्तू दिसते त्यापेक्षा जवळ असते. ट्रकच्या बाहेर आलेल्या फाळक्याचंही तसंच.

निगा

पावसाळ्यात गाडी धुताना चकत्या ओल्या मऊ फडक्यानं पुसा. चिखलाचा थर बसला की एकतर सतत वाजतो किंवा बहिरा होतो. प्रेशरची धार थेट चकतीवर धरू नका. एक सेन्सर गेला आहे का, हे ओळखायची गॅरेजमधली रीत अशी: इग्निशन चालू, रिव्हर्स टाकलेला, आणि एकेका चकतीला बोटाचं टोक हलकेच लावायचं. चालू सेन्सर बारीक टिकटिकतो, थरथर जाणवते. गेलेला मुका असतो. रिव्हर्स टाकल्याबरोबर एकच लांब किंवा वेगळाच आवाज येत असेल तर गाडी स्वतःच बिघाड सांगते आहे. नव्यानं सायकल कॅरिअर किंवा जाड नंबर प्लेट फ्रेम लावल्यावर कारण नसताना वाजायला लागला, तर दोष त्या फ्रेमचा.

जुन्या गाडीला बसवायचे असतील तर

चार सेन्सरचा बाहेरचा संच हजार-दोन हजारांपासून मिळतो. बसवणारा अनुभवी हवा, कारण बंपरला पाडलेलं भोक परत बुजत नाही. तुम्ही शेजारी उभं राहून एवढं बघा: भोकं पाडायच्या आधी बंपरवर मास्किंग टेप लावून खुणा केल्या का, जमिनीपासून उंची साधारण ५० ते ६० सेंटिमीटर आणि चारही एका ओळीत आहेत का, बाहेरचे दोन शक्य तितके कोपऱ्याकडे, पण बंपरचा वळणारा भाग टाळून आहेत का, खुणेच्या मागे लोखंडी आडवी पट्टी तर येत नाही ना. भोकासाठी संचासोबत आलेलाच गोल कटर वापरायचा. प्रत्येक सेन्सरच्या पाठीवर वरची बाजू दाखवणारा बाण किंवा खूण असते. ती उलटी बसली तर सेन्सर जमिनीकडे तोंड करून बसतो आणि रिकाम्या रस्त्यावरही वाजतो. करंट रिव्हर्सच्या दिव्यावरून घेतात. गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा. वायरी सायलेन्सरपासून लांब नेल्या पाहिजेत. पैसे देण्याआधी खोक्याची चाचणी तिथेच करा.

“त्यापेक्षा लोखंडी गार्डच बसवू” असं कुणी सुचवेल. पुढे-मागे बसवलेल्या क्रॅश गार्डना, बुल बारना केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये बेकायदा ठरवून राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे. पादचाऱ्यासाठी ते घातक, आणि पुढचं गार्ड एअरबॅगच्या कामातही अडथळा आणू शकतं.

तरीही लागलंच तर

आधी बघा, तुमचा रंग गेला आहे की खांबाचा रंग तुमच्या गाडीवर आला आहे. दुसरा प्रकार बराच असतो आणि रबिंग कंपाउंडनं, म्हणजे डाग घासून काढायच्या पेस्टनं, निघून जातो. ओरखड्यावरून नख फिरवा: अडकलं नाही तर तो वरच्या पारदर्शक थरातच आहे, पॉलिशनं भागेल. नख अडकलं तर रंग लागणार. पत्रा उघडा पडला असेल तर वेळ घालवू नका, विशेषतः मुंबईत किंवा किनाऱ्यावर. खारी हवा आठवड्यातच गंज धरवते. प्लास्टिकच्या बंपरला गंजाची भीती नाही, तो ओरखडा महिनाभर थांबला तरी चालेल. रंग न जाता नुसता पोचा आला असेल तर रंग न लावता पोचा काढणारे कारागीर आता बऱ्याच शहरांत आहेत. आधी त्यांना दाखवा. मागच्या चाकावरचं क्वार्टर पॅनेल मात्र दार-बंपरसारखं खोलून बदलता येत नाही, ते सांगाड्याला वेल्ड केलेलं असतं. म्हणून आरशात जपायचं सगळ्यात आधी ते.

आता विम्याचा प्रश्न. “इन्शुरन्स आहे ना, टाक क्लेम” हा सल्ला फुकट मिळतो, पण फुकट पडत नाही. क्लेम न केल्याची सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, पहिल्या वर्षानंतर २०, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के अशी चढते आणि एका क्लेमनं शून्यावर येते. ती थर्ड पार्टीच्या हप्त्यावर नसते, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, म्हणजे ओन डॅमेजच्या, हप्त्यावर असते.

समजा हा हप्ता ८,००० रुपये आहे, दरवर्षी तोच राहतो असं धरू, आणि तुम्ही सध्या ४५ टक्क्यांवर आहात. क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षीपासून ५० टक्के, म्हणजे दरवर्षी ४,००० भरायचे. केला तर पुढची पाच वर्षं अनुक्रमे ८,०००, ६,४००, ६,०००, ५,२०० आणि ४,४०० भरायचे. जादा गेलेले: ४,००० + २,४०० + २,००० + १,२०० + ४००, म्हणजे १०,००० रुपये. प्रत्यक्षात गाडी जुनी होते तसा मूळ हप्ता उतरतो, त्यामुळे आकडा काहीसा कमी होईल, पण दिशा हीच.

दुसऱ्या बाजूला, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममध्ये पहिले १,००० रुपये आपल्याच खिशातून जातात, त्यावरच्या इंजिनाला २,०००. झीरो डेप, म्हणजे भागांचा घसारा न कापणारं जादा कवच, नसेल तर प्लास्टिकच्या भागावर निम्मी रक्कम कापली जाते. एका बंपरचं ५,०००-६,००० चं रंगकाम क्लेममध्ये घालणं म्हणूनच तोट्याचं. दोन दारं आणि क्वार्टर पॅनेल एकदम गेलं असेल, किंवा बोनस राखणारं जादा कवच घेतलं असेल, तर हिशोब उलटतो. गॅरेजचं अंदाजपत्रक हातात घेऊन मगच ठरवा, आणि क्लेम करणार असाल तर काम सुरू करण्याआधी कंपनीला कळवा.

मागचा बंपर रंगायला द्याल तेव्हा मिस्त्रीला बजावा: सेन्सर काढून ठेवायचे, बंपरबरोबर रंगवायचे नाहीत. घाईत वरूनच फवारा मारला तर चकतीवर जाड थर बसतो आणि गाडी बाहेरून नवी, पण बहिरी होऊन परत येते. रंग जुळावा म्हणून चकत्याही रंगवायच्याच असतील तर वेगळ्या, अगदी पातळ हातानं. गाडी ताब्यात घेताना रिव्हर्स टाका, चारही चकत्यांना बोट लावून टिकटिक बघा, आणि गॅरेजमधला एखादा रिकामा खोका मागून घ्या.